कात्री खाली ठेवा

उवा झाल्या म्हणून मुलीचे केस कापून टाकणं हा उपचार नव्हे. ती शिक्षा आहे, आणि ज्यांचे आईबाप जाब विचारायला येऊ शकत नाहीत अशाच लेकरांना ती दिली जाते. चंद्रपूर शहरातल्या एखाद्या इंग्रजी शाळेत मुलींना ओळीत बसवून वेण्या कापल्या, तर दुसऱ्या दिवशी संस्थाचालकाच्या दारात पालक उभे राहतील, तक्रार पोलिसांत जाईल, वर्तमानपत्रात फोटो छापून येईल. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागडच्या जंगलातल्या मुलीचे केस आश्रमशाळेच्या वसतिगृहात कापले, तर तिच्या आईला ते दिवाळीच्या सुटीत कळतं. आई काही बोलत नाही. शाळेनं केलं म्हणजे बरोबरच असेल, असं तिला वाटायला लावलेलं आहे.

मी या भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. सत्राच्या सुरुवातीला शाळेत तपासणीला गेलं की मानेपर्यंत उतरवलेली डोकी रांगेनं दिसायची, काही ठिकाणी तर पार तासलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: “काय करता जी सिस्टर, डोकंच साफ नाही ठेवत या पोरी.” हे उत्तर खोटं आहे, आणि ते देणाऱ्यांना ते खोटं असल्याचं कळावं म्हणून आधी उवेबद्दल सांगते.

ऊ घाणीतून पैदा होत नाही. ती माणसाच्या रक्तावर जगते आणि रोज धुतलेल्या केसांतही तितकीच आरामात राहते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायला केसाला केस लागावा लागतो. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. मादी महिनाभर जगते, रोज सहा-आठ लिखा घालते, लीख केसाच्या मुळाशी चिकटते आणि साधारण आठ-नऊ दिवसांत फुटते. आता एका खाटेवर दोन-दोन मुली झोपवा, गाद्या भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरा, चाळीस जणींत चार फण्या ठेवा आणि मग म्हणा की पोरी घाणेरड्या आहेत. उवांचं कारण हवं असेल तर मुलीची वेणी सोडा आणि झोपायच्या खोलीत मोजपट्टी घेऊन जा. मंजूर संख्या किती, प्रत्यक्ष मुली किती, खाटा किती, नहाणीत पाणी किती वाजेपर्यंत येतं, हे सगळं आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला ठाऊक असायला हवं. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशी पाच कार्यालयं चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आहेत. मुलींच्या डोक्यांची जबाबदारी पहिल्यांदा त्यांची.

उपचार अवघड नाही आणि महागही नाही. पर्मेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन धुतलेल्या, टॉवेलनं टिपलेल्या ओल्या केसांना मुळापासून चोळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं. औषध जिवंत ऊ मारतं, सगळ्या लिखा मारत नाही. म्हणून आठ-नऊ दिवसांनी पुन्हा तेच करायचं, नव्यानं फुटलेल्या उवा अंडी घालायच्या आत. हा दुसरा हात बहुतेक ठिकाणी दिलाच जात नाही, आणि मग “औषधाला गुण नाही” म्हणून कात्री बाहेर येते. एका मुलीला लावून भागत नाही. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली त्या सगळ्यांना एकाच संध्याकाळी लावावं लागतं, खाट वाटून घेणाऱ्या मैत्रिणीसकट. औषध मिळालंच नाही तर दाट दातांची फणी आहे: केस ओले करून, थोडं तेल लावून, बट-बट करून मुळापासून टोकापर्यंत, तीन-चार दिवसांआड, निदान दोन आठवडे. वेळखाऊ आहे, पण गुण येतो. टाळूपासून बोटभर लांब गेलेली लीख बहुधा रिकामी किंवा मेलेली असते, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तशी लीख दिसली म्हणून मुलीला वर्गाबाहेर बसवणाऱ्या शिक्षकानं हे समजून घ्यावं. डोक्यातली ऊ कुठलाही रोग पसरवत नाही, तिच्यासाठी एकाही दिवसाची शाळा बुडवायचं कारण नाही. खाजवून जखमा झाल्या, त्यात पू झाला, मानेमागे गाठी आल्या, तर मात्र डॉक्टरला दाखवायचं.

पर्मेथ्रिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हिवतापासाठी गडचिरोलीत ज्या औषध भारलेल्या मच्छरदाण्या वाटल्या जातात, त्यांना याच कुळातलं औषध लावलेलं असतं. म्हणजे या कुळातलं औषध आमच्या जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत जाळीवर बसून पोचतं आणि आश्रमशाळेच्या औषधाच्या पेटीत बाटलीतून पोचत नाही. त्याला दाद न देणाऱ्या उवाही असतात. मग डॉक्टर आयव्हरमेक्टिनची गोळी देतात, मुलाचं वजन पंधरा किलोच्या वर असेल तर. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी हीच गोळी कोविड टाळायला सगळ्या प्रौढांना देण्याची घोषणा केली होती. जिथं तिचा उपयोग सिद्ध नव्हता तिथं अख्ख्या राज्याला पुरेल एवढी गोळी मिळणार होती. उवांवर तिचा उपयोग होतो हे माहीत आहे, पण भामरागडच्या मुलीसाठी ती मागवायचं कुणाला सुचत नाही.

आणि ज्यांना घाणेरडं म्हटलं जातं त्या लोकांचं केसांशी नातं काय होतं? बस्तरच्या मुरिया आदिवासींवर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विननं १९४७ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. घोटुलातली (गावातल्या तरुण मुलामुलींच्या एकत्र जमायच्या घरातली) पोरं स्वतः कोरून फण्या करतात, त्या आवडत्या मुलीला देतात आणि मुली त्या केसांत मिरवतात, हे त्यानं तपशिलानं नोंदवलं आहे. इकडे गडचिरोलीत माडियांच्या गावांतही गोटुल आहेत. फणी ही प्रेमाची वस्तू मानणाऱ्या समाजाच्या लेकीला आपण शाळेत आणतो आणि पहिल्या आठवड्यात तिचे केस उतरवतो. तिला शिकायला आणलंय की तिचं नाक ठेचायला, हे शाळांनी स्वतःला विचारावं.

तेल-साबणाचे पैसे मधल्या काळात मुलांच्या बँक खात्यात टाकायची पद्धत आली. बँक तालुक्याला, मूल वसतिगृहात, बाप तेंदूच्या फळीवर. साबण कुणी आणायचा? आकडे खात्यात जमा झाले म्हणजे डोकं धुतलं गेलं, असं मानणाऱ्या अधिकाऱ्यानं एक आठवडा त्या मुलींच्या नहाणीत साबणाशिवाय आंघोळ करून दाखवावी.

शाळेत कात्री, तर घरी विष. राजुरा, कोरपना, जिवती, वरोरा या कापसाच्या पट्ट्यात पिकावर फवारायचं औषध उवांसाठी डोक्याला लावणारी घरं आहेत. इतर ठिकाणी रॉकेल. माउलीनं मायेनं लावलेलं असतं, म्हणून मी तिच्यावर रागावणार नाही. मी रागावते ते तिला कधीच न सांगणाऱ्या आमच्या खात्यावर. टाळूची कातडी विषाला फार लवकर आत घेते. अमेरिकेत मेबॅक आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर मोजून दाखवलं, की हाताच्या कातडीतून जेवढं शिरतं त्याच्या जवळपास चौपट टाळूतून शिरतं. लहान लेकराचं डोकं, त्यात खाजवून झालेल्या जखमा, वर फडकं बांधलेलं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ती मोठी माणसं होती आणि विष उघड्या रानात होतं. डोक्याला औषध लावल्यावर लेकराला लाळ सुटली, घाम फुटला, ओकारी आली, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली, श्वास लागला, तर डोकं साबणानं भरपूर पाण्यानं धुवायचं, कपडे काढायचे आणि त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. डबीही सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरला विष कुठलं ते कळतं. रॉकेलनं टाळू भाजते, आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या डोक्यात ते असलं तर आणखी काय होऊ शकतं हे सांगायला नको.

खवड्यांची गत याहून वाईट, कारण तिथं औषध दिलं जातं पण चुकीचं. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडतो, खपली धरते, केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरतात, कधी पुवानं भरलेली मऊ सूज येते. ही बुरशी आहे. ती केसाच्या मुळात शिरलेली असते, तिथवर मलम पोचतच नाही. तिला पोटातून औषध लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरच्या देखरेखीखाली, बहुतेक वेळा सहा ते आठ आठवडे. पण आठवडी बाजारातल्या औषधाच्या दुकानात मिळते ती तीन-चार औषधं एकत्र कालवलेली ट्यूब, आणि त्यात कडक स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आई समाधानानं घरी जाते आणि आत बुरशी मोकाट पसरते. अशा मलमांनी गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्णाची हट्टी साथ उभी केली आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तो नियम आमच्या झाडीपट्टीतल्या दुकानांत पाळला जात नाही. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून एकदा जाऊन उभा राहिला तरी त्याला पुरावा हातात मिळेल. चट्ट्यानं पुवाची सूज धरली आणि उपचार लांबला, तर तिथले केस कायमचे जातात, आणि त्या मुलाला पुढे आयुष्यभर लोक त्याचा दोष देतात.

चाईचं उलट आहे. गुळगुळीत, नाण्याएवढा, खपली नसलेला टकलाचा ठिपका म्हणजे चाई. केस किडा खातो असं लोक मानतात, म्हणून तो किडा मारायला बिब्बा लावतात, लसूण घासतात. किडा नसतोच. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा केसाच्या मुळावर उलटते. लहानसा ठिपका असेल तर बरेचदा वर्षभरात आपोआप भरून येतो. नाही आला तर त्वचारोगतज्ज्ञ त्या जागी बारीक सुईनं स्टेरॉइड टोचतात किंवा लावायला देतात. (खवड्यात जे घातक तेच इथं औषध, म्हणूनच आधी रोग ओळखायचा आणि मग ट्यूब विकत घ्यायची.) बिब्ब्यानं मात्र कातडी भाजून फोड येतात आणि खोल भाजलं तर तिथं पुन्हा केस येत नाहीत. आपोआप बरा होणारा ठिपका आपण हातानं कायमचा करतो.

आता केस गळण्याकडे येते, कारण सगळा बाजार इथंच बसलेला आहे.

तापानंतर केस गळतात. हिवताप, टायफॉइड, कुठलाही जबर ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस हातात येतात. बाळंतपणानंतरही तसंच. ताप विसरलेला असतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. महाराष्ट्रातला सर्वांत जास्त हिवताप गडचिरोलीत असतो, तेव्हा पावसाळ्यानंतर इथल्या बाया केस गळतात म्हणून आल्या तर पहिला प्रश्न तापाचा विचारायला हवा. हे केस सहसा सहा महिन्यांत परत येतात, कुठल्याही तेलाशिवाय. परत आले नाहीत तर रक्त बघायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. शरीरात लोह कमी पडलं की ते आधी जगायला लागणाऱ्या अवयवांना जातं, केसांचा नंबर शेवटी लागतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, की ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आहे. त्यात पाळीचे त्रास होते. त्यातल्या फक्त आठ टक्के जणींची त्याआधी कधी तपासणी झाली होती. अंगावरून जास्त जातं हे बाई लाजेनं सांगत नाही. केस गळतात हे मात्र ती सांगते, कारण ते सांगायला लाज नाही. समोरच्यानं शहाणपणानं पुढचा प्रश्न विचारला तर खरा आजार हाती लागतो. त्याऐवजी तिला शाम्पू बदलायला सांगतात. बाईचं दुखणं असं केसांवर ढकलून परत पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचा मला संताप येतो.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी शाळेत मिळायची योजना २०१३ पासून आहे, जंताची गोळीही आहे. आमच्याकडे सिकलसेलही आहे, म्हणून रक्तक्षय दिसला की सिकलसेलची तपासणी आधी. रक्त चढवून घ्यावं लागणाऱ्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं, त्याला डोळे मिटून लोह द्यायचं नसतं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत आठवडाभराच्या आत माणसं टकली झाली. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर, मग बुरशीवर. वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली, दूरचित्रवाणी वाहिन्या आल्या. विंचूदंशावर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे डोक्यावरच्या दुखण्याचा माग ताटापर्यंत गेला. तिथं गावागावांत माणसं एकदम टकली झाली म्हणून सरकार धावलं. आमच्या बायांचे केस वर्षानुवर्षं थोडेथोडे जातात, ताटात डाळ नसते म्हणून जातात, आणि त्यासाठी एकही पथक कुठल्या गावात उतरत नाही.

पथकाऐवजी तेल येतं. गेल्या काही वर्षांत ‘आदिवासी हेअर ऑइल’ या नावानं बाटल्यांचा पूर आला आहे. चित्रात गुडघ्यापर्यंत केस, मागे जंगल, शंभर वनौषधींची यादी. धंद्याचं मूळ कर्नाटकात हुणसूरकडच्या हक्कीपिक्की समाजाच्या वस्तीत, नक्कल मात्र देशभर. चंद्रपूरच्या दुकानातही ती बाटली आहे. आदिवासी नावाला बाजारात किंमत आहे आणि आदिवासी मुलीच्या डोक्याला नाही, हे याहून उघडपणे कुठे दिसणार? ज्या जंगलाचं नाव लावून तुम्ही टकलावर केस उगवण्याचा शब्द विकता, त्या जंगलातल्या मुलीचे केस रक्त नसल्यानं विरळ झालेत. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ‘जे’मध्ये टक्कल, अकाली पिकणारे केस आणि नवे केस उगवणं हे सगळं आहे. हे बरं करतो असा दावा औषधाला करता येत नाही. तरी तो बाटलीवर छापला जातो, रस्त्यात फलकावर लागतो आणि कुणाला अटक होत नाही.

तेलाचा उपयोग आहे, तो तेवढाच सांगा. खोबरेल केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना होणारी त्याची झीज कमी करतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. केस ते उगवत नाही. आणि कोंडा असेल तर तेल त्रास वाढवतं. कोंड्याची बुरशी तेलातल्या स्निग्धावरच पोसते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या चंद्रपुरात खाणीवर दिवसभर हेल्मेट घालून घाम गाळणाऱ्या माणसानं रात्री डोक्यावर तेल थापणं म्हणजे त्या बुरशीला जेवायला वाढणं आहे. दोन टक्क्यांचा किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन-पाच मिनिटं टाळूवर ठेवून धुवायचा, दोन ते चार आठवडे. मग आठवड्या-पंधरवड्याला एकदा. बस.

भुवया विरळ होत असतील, विशेषतः बाहेरच्या टोकाला, सोबत अंगावर न दुखणारा, न खाजणारा, बधिर फिकट चट्टा असेल, तर कुठलंही तेल न घेता सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोग या दोन्ही जिल्ह्यांतून गेलेला नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं तेव्हा आजच्याइतका सोपा इलाज नव्हता. आज सहा ते बारा महिन्यांच्या फुकट गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. उशीर केला तर नसा जातात आणि त्या परत येत नाहीत.

शाळकरी मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून गाडी घेऊन फिरतात. त्यांच्या यादीत कातडीचे रोग आहेत, रक्तक्षय आहे. त्यांनी मुलींच्या वेण्या सोडून बघाव्यात. रिबिनीवरून नजर फिरवून ‘निरंक’ लिहिणं ही लबाडी आहे.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. मुली घरून परत येतील त्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक आश्रमशाळेत पर्मेथ्रिनच्या बाटल्या मुलींच्या संख्येला दुपटीनं असल्या पाहिजेत, पहिल्या हातासाठी आणि दुसऱ्या हातासाठी. दर मुलीमागे एक फणी, दर मुलीमागे एक खाट. तारखा भिंतीवर लिहा. खवडे दिसले तर मूल त्याच गाडीनं ग्रामीण रुग्णालयात न्या आणि सहा आठवडे गोळी कोण देणार, त्याचं नाव वहीत लिहा. आईच्या किंवा बापाच्या लेखी संमतीशिवाय आणि मुलीच्या स्वतःच्या होकाराशिवाय एकाही मुलीचा केस कापायचा नाही, असा आदेश पाचही प्रकल्प अधिकाऱ्यांनी सहीनिशी काढावा आणि तो मराठीत, गोंडीत, माडियात मुलींना वाचून दाखवावा.